पाण्यात एक जण

१

ऑरिन टीगला एकट्यानं बोलायची सवय होती, आणि ती त्याला लोकांनीच लावली होती. बावीस वर्षं तो रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून पेल्टन बीचच्या लाटांचा अंदाज सांगत आला होता. घर कड्यावर. कड्यावरून खाली उतरायला चव्वेचाळीस लाकडी पायऱ्या, पायऱ्यांखाली वाळू, आणि पुढे नजर पुरेल तिथवर पॅसिफिक. उजाडलं की तो आधी लाटा मोजायला समुद्रात नांगरलेल्या बोयाचे आकडे बघायचा, मग भरती-ओहोटीचं कोष्टक, मग दुर्बीण डोळ्याला लावून खुद्द समुद्र. आणि मग टेबलावरच्या आन्सरिंग मशीनचं बटण दाबून खाकरायचा.

"सुप्रभात. पेल्टन बीच, मंगळवार. लाट चार ते पाच फूट, दोन लाटांमध्ये अकरा सेकंद. वारा जमिनीकडून, मंद. दुपारनंतर ढग. पाणी नेहमीसारखं, दात वाजवणारं. पाण्यात तीन जण."

शेवटचं वाक्य त्यानं स्वतःच्या डोक्यानं घातलं होतं. ऑरेगनच्या किनाऱ्यावर थंडीत एकट्यानं लाटांवर स्वार व्हायची फळी घेऊन पाण्यात उतरू नये, कोण आहे कोण नाही हे घरी बसून कळावं, एवढाच हेतू. एके काळी रोज चाळीस-पन्नास माणसं त्या नंबरावर फोन करून अंदाज ऐकायची. मग कड्यावर कॅमेरा आला, लाटा प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर दिसायला लागल्या. मशीनच्या छोट्या खिडकीतला आकडा वीस झाला, सात झाला, आणि या डिसेंबरात एकावर येऊन थांबला.

रोज एक. रोज सात वाजून दहा मिनिटांनी. कोण ते ऑरिनला माहीत नव्हतं. बायको फ्रान्सीन आठ वर्षांपूर्वी टक्सनला बहिणीकडे चार दिवस म्हणून गेली ती तिकडचीच झाली. तेव्हापासून घरात बोलायला भिंती होत्या. पण त्या एका अनोळखी माणसासाठी ऑरिन अजूनही दाढी करूनच मशीनसमोर बसायचा.

२

एका गुरुवारी मशीनवर लाल दिवा लुकलुकत होता. अंदाज ऐकून झाल्यावर कुणीतरी निरोप ठेवला होता. वर्षा-दोन वर्षांत असं झालं नव्हतं.

आवाज म्हातारीचा होता, पण ठणठणीत. "मी हिल्मा रँटानेन बोलतेय, बर्न्सहून. तक्रार नाही हो, विनंती आहे. तुमचं बोलून झालं की ते दुसरे गृहस्थ बोलतात ना, त्यांना म्हणावं, जरा यंत्राजवळ तोंड आणा. अर्धे शब्द निसटतात. बाकी सगळं छान." मग तिनं आपला नंबर सांगितला, आकडे एकेक करून, दोनदा.

ऑरिननं सकाळचं स्वतःचं बोलणं परत लावून ऐकलं. त्याचा आवाज, त्याचं खाकरणं, "पाण्यात कोणी नाही", आणि मग टेपची खरखर. खरखर संपून बीप वाजला. त्यानं फ्रिजची पिन काढली, घर अगदी चिडीचूप केलं आणि पुन्हा ऐकलं. खरखर. तिसऱ्यांदा ऐकताना ती खरखर लांबवर फुटणाऱ्या पाण्यासारखी वाटायला लागली, तेव्हा त्यानं मशीन बंद केलं. कोणत्याही खरखरीकडे फार वेळ कान लावला की तिच्यात हवं ते ऐकू येतं.

तारा एकमेकींत अडकल्या असणार. जुन्या लाइनीत होतं असं.

३

तरी त्यानं फोन केला. खरं सांगायचं तर निमित्त मिळालं म्हणून केला.

हिल्माबाई चौऱ्याऐंशीच्या. नवरा आर्वो आस्टोरियाला सामन मासे धरायचा, जन्म सगळा समुद्राच्या काठानं गेला. डोळे गेल्यावर मुलीनं त्यांना आपल्याजवळ, साडेतीनशे मैल आत, बर्न्सच्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं.

"इथं काय, धूळ आहे आणि गाई आहेत," त्या म्हणाल्या. "गाईंना भरती-ओहोटी नसते. अकरा वर्षं तुमचा अंदाज ऐकतेय मी. त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही."

"म्हणजे रोज सात-दहाला फोन करणाऱ्या त्या तुम्हीच."

"का, बाकीचे कधी करतात?"

ऑरिननं रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "ते दुसरे गृहस्थ काय म्हणतात?"

"तुम्ही आजचं सांगता, ते उद्याचं सांगतात. काल म्हणाले, लाट नऊ फूट, दोन लाटांमध्ये एकोणीस सेकंद, वारा पूर्वेचा. आणि तुमच्यासारखंच शेवटी, पाण्यात एक जण."

ऑरिननं आज चार फूट सांगितले होते. बोयाही चारच म्हणत होता. रिसीव्हर कानाला धरूनच तो खिडकीपाशी गेला. स्वच्छ उन्हात, पूर्वेच्या वाऱ्यात, क्षितिजापासून लाटांच्या लांबच लांब रांगा चालत येत होत्या. एक फुटली. त्यानं मनात मोजायला सुरुवात केली. अठरा. एकोणीस. दुसरी फुटली. नऊ फुटांना इंचभर कमी नव्हती.

त्यानं दुर्बीण लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी बघितलं. पाण्यात कोणी नव्हतं.

४

त्या दिवसापासून ते रोज बोलायला लागले. सकाळी ऑरिननं मशीनवर अंदाज भरायचा, सात-दहाला हिल्माबाईंनी तो ऐकायचा, साडेसातला ऑरिननं आपल्या घरच्या, वेगळ्या लाइनीच्या फोनवरून त्यांना फोन करायचा. आर्वोच्या जाळ्यात एकदा सील अडकला होता ती गोष्ट, वृद्धाश्रमातल्या पाणचट सूपची निंदा, फ्रान्सीनबद्दल दोन-चार शब्द. आणि बोलता बोलता, त्या दुसऱ्यानं काय सांगितलं ते.

ऑरिन वहीत लिहून ठेवायचा. एका बाजूला आपला अंदाज, दुसऱ्या बाजूला त्याचा. चौदा दिवसांत ऑरिन सहा वेळा चुकला. तो एकदाही नाही. भीती वाटायच्या आधी ऑरिनला राग आला, हे सांगायला हवं. बावीस वर्षं समुद्र वाचणाऱ्या माणसाला कुणीतरी न दिसता शहाणपण शिकवत होतं. बाईंच्या खोलीत रेडिओ असेल, त्यावर खलाशांसाठी हवामान सांगतात, ते आणि हे त्यांच्या कानात एक होत असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी होतं असं.

पंधराव्या दिवशी हिल्माबाई म्हणाल्या, "अहो टीग, तुमच्याकडे पायऱ्या आहेत का हो?"

"आहेत. का?"

"काल त्यांनी शेवटी नवीनच काही सांगितलं. सातवी पायरी. एवढंच. आज म्हणाले, बारावी."

आपण अंदाजात कधी पायऱ्यांचं नाव काढलं होतं का, हे ऑरिनला आठवेना. बावीस वर्षांत काढलंही असेल. तो कोट चढवून बाहेर गेला. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. पूर्वेच्या वाऱ्यानं जिन्याच्या फळ्या वाळून राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या, त्यांवर बारीक वाळू साठली होती. तो मोजत उतरत गेला. वरून सदतिसाव्या पायरीपर्यंत सगळं कोरडं. खालच्या सात पायऱ्या ओल्या होत्या.

दमट नव्हे, ओल्या. लाकूड काळं पडलं होतं आणि कडेवरून थेंब गळत होते. त्यानं खालून आठव्या पायरीवरून हात फिरवला. पावाच्या कडेसारखी कोरडी. आणि जिन्यापासून पाण्यापर्यंतची साठ पावलं वाळू, तीही कोरडी. भरतीची रेघ पार खाली होती.

तो वर आला तो जरा भराभर आला.

५

दुसऱ्या दिवशी बारा पायऱ्या ओल्या होत्या. मग एकोणीस. मग सव्वीस.

गावात रोझलिनचं कॉफीचं दुकान होतं. ती ऑरिनला तीस वर्षं ओळखत होती आणि त्याची कीव करायची नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"कड्यातून पाणी झिरपतं रे," ती काउंटर पुसत म्हणाली. "इतकी वर्षं राहतोस तिथे, तुला सांगायला हवं?"

"झिरपणारं पाणी वरून खाली येतं, रोझलिन. हे खालून वर चाललंय."

"मग जिन्याला सर्दी झाली असेल."

तो हसला नाही, तेव्हा तिनं फडकं बाजूला ठेवलं. "ऑरिन, तू रोज सकाळी त्या डबड्यासमोर बडबडत बसतोस ना, ते बंद कर आधी. माणूस एकटा बोलायला लागला की उत्तरंही ऐकू येतात त्याला. फोन तरी करतं का कोणी आता?"

"एक जण करतं."

"बाई?"

"चौऱ्याऐंशीची आहे."

"तुझ्या वयाला शोभते," रोझलिन म्हणाली आणि त्याच्यापुढे एक जादा बिस्किट सरकवलं.

दुसऱ्या सकाळी ऑरिननं अंदाज भरला नाही. टेप कोरी करून तशीच ठेवली. साडेसातला फोन केला तर हिल्माबाई खुशीत होत्या.

"आज तुम्ही बोलला नाहीत, त्यामुळे त्यांचं सगळं नीट ऐकू आलं. चांगला आवाज आहे हो. अगदी तुमच्यासारखा. फक्त ओला."

ऑरिननं वही पुढे ओढली. मग विचारलं, "कितवी?"

"चव्वेचाळिसावी."

६

त्यानं त्याच दुपारी मशीनची वायर भिंतीतून उपटली. मशीन एका खोक्यात घातलं, खोकं कपाटात ठेवलं, कपाटाला कडी घातली. मग हिल्माबाईंना फोन करून सांगितलं की उद्यापासून अंदाज बंद, मशीन बिघडलंय. पण मी रोज फोन करीन, जे काही असेल ते थेट सांगेन.

पलीकडे कुणाच्या तरी खोलीतला टीव्ही ऐकू येत होता.

"बरं," हिल्माबाई म्हणाल्या. अकरा वर्षांची सवय एका शब्दात गुंडाळून ठेवायला माणसाला जेवढा वेळ लागेल, तेवढा त्यांनी घेतला होता.

सकाळी ऑरिन जिन्याकडे गेला नाही. दाढी केली, खिडकीकडे पाठ करून कॉफी प्यायला आणि सात-वीसला नंबर फिरवला.

"किती बरं झालं हो," हिल्माबाईंनी फोन उचलताच सुरुवात केली. "दुरुस्त करून घेतलंत. मी आपली सवयीनं नंबर लावला, म्हटलं नुसती घंटी वाजेल. तर तुम्ही."

"मी?"

"छान सांगितलंत आज. थोडं खाकरलात मधे, थंडी सांभाळा. ते दुसरे मात्र आज बोललेच नाहीत. तुम्ही एकटेच."

ऑरिननं कपाटाकडे पाहिलं. कडी जागच्या जागी होती. "हिल्माबाई, मी काय म्हणालो ते मला सांगा."

"मस्करी करताय म्हातारीची? लाट तीन फूट, वारा पडलेला, समुद्र शांत." त्यांनी जरा आठवलं. "आणि पाण्यात आता कोणी नाही, असं म्हणालात."

७

मागच्या दाराबाहेर लाकडी सज्जा होता. जिना वर येऊन त्या सज्ज्यालाच मिळत होता. दाराला वरच्या अर्ध्यात काच होती आणि थंडीनं तिच्यावर धुकं धरलं होतं.

सज्ज्याची एक फळी सैल होती, पाय पडला की करकरायची. ती करकरली नाही. ऑरिनला ऐकू आलं ते दुसरंच, पाणी ठिबकायचा आवाज. सावकाश, एकाच जागी.

रिसीव्हरमधून हिल्माबाई विचारत होत्या, "अहो, आहात ना?" त्यानं रिसीव्हर टेबलावर ठेवला. आपण कशाला जातोय हे त्याला कळत नव्हतं. पावसाची पन्हळ फुटली असेल, एवढाच विचार त्यानं धरून ठेवला होता. दाराशी जाऊन त्यानं बाहीनं काचेवर मुठीएवढी जागा पुसली.

बाहेर कुणीतरी उभं होतं. दाराकडे पाठ, तोंड समुद्राकडे. डावा खांदा जरा खाली, वजन उजव्या पायावर. दोन्ही हात वर उचललेले, मुठी डोळ्यांशी, जशी दुर्बीण धरावी तसे. पण हातांत काही नव्हतं. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोजत होतं ते.

डावा खांदा ऑरिनचाही खाली होता. तिशीत खडकावर आपटून मोडला होता.

मान उजव्या टोकाला पोचली आणि थांबली. आणखी थोडी फिरली असती तर चेहरा दिसला असता. ऑरिननं ते बघितलं नाही. तो मागे सरकत सरकत रस्त्याकडच्या दारानं बाहेर पडला, पायात घरातल्या सपाता तशाच, आणि गाडी सुरू केली.

८

जायला दुसरी जागा नव्हती. म्हणजे मोटेल होती, रोझलिन होती. पण जगात त्याच्या फोनची वाट बघणारं एकच माणूस होतं, आणि ज्याच्या तोंडून ऑरिनचा आवाज येत होता ते त्या माणसाच्या कानाशी रोज पोचत होतं. हिल्माबाईंना सावध करायला हवं, एवढं त्याच्या मनानं घेतलं. घाट ओलांडताना बर्फ लागलं. पलीकडे झाडं संपली, नुसतं पिवळं माळरान. दुपारी साडेतीनला तो बर्न्सला पोचला.

हिल्माबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. त्याच्या मनात होत्या त्यापेक्षा कितीतरी लहान. ऑरिन त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"हिल्माबाई, मी ऑरिन टीग."

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. चेहऱ्यावर आलेलं हसू हळूहळू मावळलं.

"कोण आहात तुम्ही?"

"टीग. पेल्टन बीचचा. सकाळी आपण बोललो."

"नाही हो," त्या समजुतीनं म्हणाल्या. "त्यांचा आवाज मी अकरा वर्षं ऐकतेय. तुमचा आवाज तर..." त्या शब्द शोधत राहिल्या. "कोरडा आहे. मुलीनं पाठवलंय का तुम्हाला?"

फोनवर आवाज वेगळा वाटतो. आठ तास गाडी चालवून घसा बसतो. ऑरिननं ही कारणं एकापुढे एक मांडली आणि त्यांतलं एकही मोठ्यानं बोलला नाही. त्यानं सीलची गोष्ट सांगितली, सूपची निंदा सांगितली. हिल्माबाई घाबरल्या. आपल्या फोनवरच्या गप्पा या परक्या माणसाला कशा माहीत, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा तो गप्प झाला. किनाऱ्याकडचाच आहे, टीगच्या ओळखीचा आहे, इकडे आलो होतो म्हणून भेटून जावं म्हटलं, असं सांगून त्यानं त्यांना शांत केलं.

"असं होय," त्या म्हणाल्या आणि त्यांचा जीव खाली बसला. "मग उद्या सकाळी या की. दोघं मिळून अंदाज ऐकू."

९

सकाळी सात-दहाला हिल्माबाईंनी बोटांनी चाचपत नंबर लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला. मधेच त्यांनी रिसीव्हर ऑरिनच्या कानाला लावला. "ऐका. किती स्पष्ट येतोय आज."

तो त्याचाच आवाज होता. पाच फूट, तेरा सेकंद, वारा नैर्ऋत्येचा, संध्याकाळी पाऊस धरेल. घाईगडबड नाही, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आवाजाच्या मागं स्वयंपाकघर होतं. फ्रिजचा गुणगुणाट, खिडकीच्या सैल कडीचा खडखडाट. मग खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी शेगडीवरची किटली उचलून कपात पाणी ओतलं.

ऑरिननं रिसीव्हर परत दिला.

बाहेर ओसरीवरच्या फोनवरून त्यानं रोझलिनला फोन लावला. जरा माझ्या घराकडे चक्कर मारून येशील का, असं विचारायचं होतं. त्याचं विचारून व्हायच्या आत ती म्हणाली, "कोण बोलतंय?"

"मी. ऑरिन."

"हे बघा, कोण आहात ते मला माहीत नाही, पण मस्करी पुरे. ऑरिन आत्ता तर कॉफी घेऊन गेला. बरा दिसत होता कधी नव्हे तो." मग ती तिथल्याच कुणाशी तरी बोलली, आवाज लांब गेला. "अगं ते फडकं दे इकडे, सगळी फरशी ओली करून गेलाय तो." आणि फोन ठेवला.

ऑरिन गाडीत जाऊन बसला. किल्ली फिरवली. पश्चिमेचा रस्ता समोर होता, सरळ, रिकामा. इंजिन गरम होऊन काचेवरचं बर्फ वितळेपर्यंत तो बसून राहिला आणि मग त्यानं किल्ली परत फिरवली.

तो बर्न्समध्येच राहिला. हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली घेतली, दुकानात खिळे-स्क्रू मोजून द्यायचं काम धरलं. रोज सकाळी सातला तो वृद्धाश्रमात जातो, हिल्माबाईंच्या शेजारी बसतो. आता त्यांना त्याची सवय झाली आहे. किनाऱ्याकडचे सद्गृहस्थ, असं त्या नर्सला सांगतात, फार सभ्य, फक्त बोलायला जरा पुढे पुढे करतात.

"तुम्ही आलात की बरं वाटतं मला," त्या एकदा त्याला म्हणाल्या आणि त्याच्या हातावर हात ठेवला. "एकच करा. ते बोलत असतात तेव्हा तुम्ही मधे बोलू नका."

त्यांनी नंबर लावला. ऑरिन खिडकीबाहेरच्या माळाकडे बघत गप्प बसला.